अमेरिकेला स्कीइंगची गोडी कोणी लावली: आगगाडीने की मोटारीने?

घाटरस्ता

दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं होतं की ‘अमेरिकेत स्कीइंग रुजवलं ते रेल्वे कंपन्यांनी; मोटारवाल्यांनी मागाहून येऊन त्याचा बाजार केला.’ तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. मला हे विधान साफ नामंजूर आहे.

नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी. ११ जानेवारी १९३१ ला बोस्टन अँड मेन रेल्वेची पहिली ‘स्नो ट्रेन’ बोस्टनहून न्यू हॅम्पशायरमधल्या वॉर्नरला गेली. मग १९३६ च्या डिसेंबरात युनियन पॅसिफिक रेल्वेच्या ॲव्हरेल हॅरिमनने आयडाहोत सन व्हॅली हे स्की रिसॉर्ट उघडलं आणि जगातल्या पहिल्या चेअरलिफ्ट (डोंगरावर नेणाऱ्या, तारेला लटकलेल्या खुर्च्या) तिथे बसवल्या. सगळं खरं आहे. पण सन व्हॅली आपल्याला इतकं ठळक आठवतं याचं श्रेय स्टीव्ह हॅनागनला द्यायला हवं. हा जाहिरातवाला. त्याआधी त्याने मायामी बीच गाजवलं होतं, आणि बर्फात शर्ट काढून उन्हात स्कीइंग करणाऱ्या तरुणाचं पोस्टर ही त्याचीच करामत. ज्याच्याकडे जाहिरात खातं, त्याचा इतिहास!

आता जाहिरात नसलेली बाजू बघा. जानेवारी १९३४, व्हरमाँटमधलं वुडस्टॉक. गिल्बर्ट नावाच्या शेतकऱ्याच्या कुरणावर एक लांब दोर गोल फिरवला आणि त्याला फोर्डच्या मॉडेल टीचं इंजिन जोडलं. दोराला धरायचं, वर जायचं, घसरत खाली यायचं. अमेरिकेतला हा पहिला ‘रोप टो’. युक्ती क्विबेकच्या शॉब्रिजहून उचललेली. खर्च किरकोळ, त्यामुळे पुढच्या दोन-चार हिवाळ्यांत न्यू इंग्लंडभर कुरणाकुरणांतून असे दोर फिरू लागले. १९०८ मध्ये ८५० डॉलरला मिळणारी मॉडेल टी १९२५ पर्यंत २६० वर आली होती. जुन्या झालेल्या गाडीचं इंजिन कुणाच्याही गोठ्यात सापडायचं. आणि अशा टेकडीला स्टेशन लागत नाही, शेजारून रस्ता गेला की पुरे.

थोडक्यात, मोटारीने माणसं आणली आणि त्यांना टेकडीवर चढवलंही. आगगाडीने यातलं फक्त पहिलं काम केलं, तेही रूळ होते तिथपर्यंतच.

रुळांचा_राजा

घाटरस्ता, सनावळी तुम्हीच दिलीत, पण तिचा अर्थ लावला नाहीत. स्नो ट्रेन १९३१ ची, दोर १९३४ चा. मग दोर धरायला माणसं आली कुठून? तीन हिवाळे आगगाडीने बोस्टनचे कारकून, विद्यार्थी, दुकानांत काम करणाऱ्या मुली डोंगरात नेऊन सोडल्या, तेव्हा कुठे शेतकऱ्याला कुरणात पैसा दिसला.

या गाड्यांची व्यवस्था काय होती तेही जरा बघा. बर्फ कुठे चांगला पडलाय ते पाहून त्या आठवड्याचं गाव ठरायचं. एका डब्यात स्की भाड्याने मिळत. दिवसभर गाडी बाजूच्या रुळावर उभी राहायची, गारठलेला माणूस आत येऊन गरम सूप प्यायचा. आयुष्यात कधी स्की न पाहिलेल्या माणसाला रविवारच्या रविवारी जाऊन यायची सोय दुसऱ्या कशाने केली असती? काळ महामंदीचा होता हेही विसरू नका. २६० डॉलर आज स्वस्त वाटतात. नोकरी गेलेल्याला विचारा.

शिवाय विसाव्या शतकाच्या पहिल्या वीसेक वर्षांत उत्तरेकडचे कितीतरी मोटारमालक हिवाळा लागला की गाडी ठोकळ्यांवर चढवून ठेवायचे. मोटारीतून भटकंती हा तोवर उन्हाळ्याचाच शौक होता.

उंटावरचा_शहाणा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

घाटरस्ता

@रुळांचा_राजा, ‘उन्हाळ्याचा शौक’ हाच तर मुद्दा आहे. तो हिवाळ्यात कसा शिरला?

१९०३ मध्ये व्हरमाँटच्याच होरेशियो नेल्सन जॅक्सन नावाच्या डॉक्टरने सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क मोटारीने पार केलं. ५० डॉलरच्या पैजेवर! ६३ दिवस लागले, सोबत एक मेकॅनिक आणि वाटेत घेतलेला बड नावाचा कुत्रा. १९०९ मध्ये बावीस वर्षांच्या ॲलिस रॅम्सीने उलट दिशेने ५९ दिवसांत तेच केलं. दोन्ही प्रवास उन्हाळ्यातले, उघड्या गाडीतले. तिथून पुढच्या वीस वर्षांत काय काय बदललं? १९१९ मध्ये अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाड्यांत बंद टपाच्या गाड्या दहा टक्क्यांच्या आसपास होत्या, १९२७ पर्यंत त्या पंच्याऐंशीच्या घरात गेल्या. त्याच सुमाराला रेडिएटरमध्ये घालायला ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ मिळू लागलं. त्याआधी अल्कोहोल घालत, ते उडून जायचं. १९२६ मध्ये रस्त्यांना देशभर एकसारखे क्रमांक मिळाले. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाला मर्सेड नदीकाठचा बारमाही रस्ता १९२६ चाच. पुढे १९३५ मध्ये तिथल्या बॅजर पासला स्कीइंग सुरू झालं.

उन्हाळ्यात गाडी काढून भटकायची सवय अमेरिकनांना आधीच लागलेली होती. १९१९ पासून फ्लोरिडात ‘टिन कॅन टुरिस्ट’ म्हणवणाऱ्यांची संघटनाच होती. तंबू, डबाबंद खाणं, बायकापोरं, सगळं गाडीत. तोच माणूस, तीच गाडी. डिसेंबरात टपावर स्की बांधल्या इतकंच. आगगाडीने हा माणूस घडवला नाही.

फावडं_आणि_नांगर

तुम्ही दोघेही भलत्यालाच हार घालताय. बर्फाने बुजलेल्या रस्त्यावर तुमची बंद टपाची गाडी काय कामाची? तो रस्ता उघडा कोण ठेवतं? सरकार. डॉनर पास या घाटावरून जाणारा यूएस ४० महामार्ग तिशीच्या सुरुवातीपासून हिवाळ्यात उघडा ठेवायला लागले, ते कॅलिफोर्नियाच्या महामार्ग खात्याने.

व्हरमाँटचंच स्टो घ्या. वॉटरबरी स्टेशनपासून सोळा किलोमीटर आत. तिथे जाणारी विजेची ट्राम १९३२ मध्ये बंद पडली. म्हणजे गावाचा रुळाशी संबंध संपला. दुसऱ्याच वर्षी रूझवेल्टच्या सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरची बेकार पोरं माउंट मॅन्सफील्डवर कुऱ्हाडी घेऊन चढली आणि त्यांनी स्कीच्या वाटा तोडल्या. आज श्रीमंतांचं म्हणून मिरवणारं स्टो मंदीतल्या रोजगार योजनेच्या कुऱ्हाडीतून निघालंय. ओरेगनचं टिंबरलाइन लॉजही तसंच, डब्ल्यूपीए या सरकारी रोजगार योजनेच्या मजुरांनी बांधलेलं. उद्घाटनाला सप्टेंबर १९३७ मध्ये स्वतः रूझवेल्ट आले होते. न्यू हॅम्पशायरच्या कॅनन माउंटनवरचा १९३८ चा रोपवेसुद्धा राज्य सरकारचाच.

खासगी कंपन्यांच्या पराक्रमाच्या गोष्टी वाचून कंटाळा आला की ही यादी वाचत जा.

डेन्व्हरकर

इथे राहून बरीच वर्षं झाली, त्यामुळे थोडं कोलोरॅडोबद्दल. १९२८ मध्ये मोफॅट बोगदा रेल्वेला खुला झाला, दहा किलोमीटर लांब. त्याच्या पश्चिमेच्या तोंडाशी बोगदा खणणाऱ्या कामगारांची वस्ती होती; तिथेच १९४० मध्ये डेन्व्हर शहराने विंटर पार्क उघडलं. गाडीतून उतरलं की समोर उतार. हा झाला रुळांचा मुद्दा.

पण तिथून जवळच बर्थूड पास आहे, ११,३०७ फुटांवर, यूएस ४० वर. १९३७ ला तिथे दोर लागला, पण गंमत त्याच्याबाहेरची. घाटमाथ्यावरून झाडीतून घसरत थेट खालच्या वळणावरच्या रस्त्यावर यायचं आणि अंगठा उंचावून येणारी गाडी थांबवायची, तिच्यातून परत माथ्यावर जायचं. अख्खा हायवे म्हणजे फुकटची लिफ्ट. अजूनही काही पोरं हे करतात. यापेक्षा मोटारी स्कीइंग काय असणार?

फक्त घाटरस्तांना एक विनंती: शनिवारी सकाळी आय-७० महामार्गावर आयझेनहॉवर बोगद्याआधीच्या रांगेत दोन तास बसा आणि मग मोटारीचे गोडवे गा. तो बोगदा १९७३ ला उघडला, तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की प्रश्न सुटला.

मैत्रेयी_

सगळा वाद ‘कसे गेले’ यावर चाललाय. कोण जाऊ शकत होतं, हे कुणीच विचारलेलं नाही.

न्यूयॉर्क राज्यातला लेक प्लॅसिड क्लब हिवाळ्यात उघडा राहायला लागला तो १९०४-०५ पासून. अमेरिकेतल्या हिवाळी पर्यटनाच्या कुठल्याही इतिहासात त्याचं नाव पहिल्या पानांवर असतं. त्याचा संस्थापक मेल्व्हिल ड्यूई, म्हणजे आपल्या वाचनालयांतल्या कपाटांवर ज्याचे दशांश आकडे असतात तोच. त्याच्या क्लबात ज्यूंना प्रवेश नव्हता, आणि त्यावरून गदारोळ होऊन त्याला राज्य ग्रंथपालाची जागा सोडावी लागली. क्लब मात्र चालूच राहिला, १९३२ चं हिवाळी ऑलिंपिकही त्याच गावात ड्यूईच्या मुलाने आणलं.

कृष्णवर्णीयांचं काय? १९३६ मध्ये, ज्या वर्षी सन व्हॅलीत चेअरलिफ्ट फिरली त्याच वर्षी, हार्लेममधल्या व्हिक्टर ग्रीन या पोस्टमनने ग्रीन बुक काढलं. कुठल्या गावात जेवण मिळेल, कुठे मुक्काम करता येईल, पेट्रोल कोण देईल, याची यादी. उघड्या रस्त्याचं स्वातंत्र्य वगैरे ठीक. पण रात्रीच्या मुक्कामाला घर मिळणार का, हे आधी पुस्तकात बघून निघावं लागत होतं. कृष्णवर्णीय स्कीअर्सचा पहिला मोठा मेळावा कोलोरॅडोतल्या ॲस्पेनला भरला तो १९७३ मध्ये. घाटरस्ता ज्याला ‘तोच माणूस, तीच गाडी’ म्हणतात, तो माणूस नेमका कोण होता ते एकदा लिहा.

घाटरस्ता

@मैत्रेयी_, बहुतांशी गोरा, ख्रिस्ती, पगारदार. मान्य. पण दक्षिणेत आगगाडीचा डबाही वेगळाच होता. ज्यांना परवडलं त्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी मोटार घेतली, त्यामागचं एक मोठं कारण त्या डब्यातला अपमान टाळणं हेच होतं. ग्रीन बुक मोटारवाल्यांसाठी निघालं ते त्यामुळेच. म्हणजे तुमचा पुरावा अर्धा माझ्या बाजूने बोलतो.

@फावडं_आणि_नांगर, रस्ता सरकारने उघडा ठेवला तो कुणाच्या दबावाने? पेट्रोलवर कर भरणाऱ्यांच्याच ना?

मैत्रेयी_

अर्धा. उरलेल्या अर्ध्याचं उत्तर दिलं नाहीत. स्वतःची गाडी असूनही दारात उभं करत नव्हते, त्यात गाडीचा दोष नसेल. पण मग तिला मुक्तिदाती म्हणून मिरवू नका.

रुळांचा_राजा

ऑस्ट्रियाचा हान्नेस श्नायडर, ज्याच्या पद्धतीवर निम्मी अमेरिका स्की शिकली, नाझींच्या तावडीतून सुटून फेब्रुवारी १९३९ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या नॉर्थ कॉन्वेला आला. कशाने? आगगाडीने. स्टेशनवर गावकऱ्यांनी स्कीच्या काठ्यांची कमान धरली होती.

आणि डॉनर पासच्या महामार्गाबद्दल. त्याच घाटात १९३९ मध्ये शुगर बोल उघडलं. वॉल्ट डिस्नेचे पैसे होते त्यात. महामार्ग जवळून जात असूनही पाहुणे आगगाडीने नॉर्डनला उतरायचे आणि तिथून ट्रॅक्टरने ओढलेल्या घसरगाडीतून आत जायचे. युद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं, तेव्हा रस्त्याकाठच्या तुमच्या कुरणांचं काय झालं तेही सांगा.

घाटरस्ता

युद्धात सन व्हॅलीचंही नौदलाचं इस्पितळ झालं होतं, राजे. आणि युनियन पॅसिफिकने १९६४ मध्ये ते विकून टाकलं. स्नो ट्रेन तर युद्धानंतर पुन्हा उभ्याच राहिल्या नाहीत म्हटलं तरी चालेल. लोकांनी स्वतःच्या पैशाने निवड केली.

फावडं_आणि_नांगर

‘स्वतःच्या पैशाने’ नव्हे. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचा नव्वद टक्के खर्च केंद्र सरकारने उचलला. रुळांना असं कुणी दिलं असतं तर निवड कुठे गेली असती ते बघितलं असतं.

उंटावरचा_शहाणा

पॉपकॉर्न संपले. @डेन्व्हरकर, जानेवारीत लेकीकडे डेन्व्हरला येतोय. विंटर पार्कला जायचंय, स्की नाही, नुसतं बघायला. कसं जावं?

डेन्व्हरकर

काका, ट्रेनने. जुनी स्की ट्रेन २००९ ला बंद पडली होती, २०१७ पासून विंटर पार्क एक्सप्रेस सुरू आहे. हिवाळ्यात ठरावीक दिवशीच असते, तिकीट आधी काढा. भाड्याची गाडी घेतलीत तर टायर नीट तपासून घ्या. बर्फात योग्य टायर नसले तर इथे दंड होतो.

घाटरस्ता

गाडीच घ्या काका. बर्थूडच्या माथ्यावर थांबता येतं. ट्रेन बोगद्यातून जाते, काय दिसणार?