ऊद आणि जॅझ: अन्वर ब्राहेमने मकाम जपला की पातळ केला?

रानवारा: ट्युनिसचा ऊदवादक अन्वर ब्राहेम सध्या सतत ऐकतोय (ऊद म्हणजे आखूड दांडीचं अरबी तंतुवाद्य). 'ब्लू मकाम्स' (२०१७) या अल्बममध्ये बासवर डेव्ह हॉलंड, ड्रम्सवर जॅक डिजॉनेट, पियानोवर जँगो बेट्स. एवढे दिग्गज असूनही ऊद कुठे दबत नाही. डिजॉनेट झांजांवर काठी अलगद फिरवतो. ऊदचे उस्ताद अली स्रिती यांच्याकडे रीतसर तालीम घेतलेला माणूस आहे हा. माझ्या मते अरबी मकामांची (आपल्या रागांसारख्या स्वरचौकटींची) परंपरा जॅझमध्ये नेताना इतकी अदब फार कमी जणांनी राखली.

मंद्रषड्ज: असहमत. वादक मोठा, वादच नाही. पण पियानो कशाला? ऊदच्या दांडीवर पडदे नसतात, बोट सरकवून हवा तो स्वर काढता येतो. रास्त मकामातला गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधोमध पडतो. बयातीतला रिषभही तसाच. पियानोवर ती जागाच नाही. मग एकतर असे मकाम टाळा, नाहीतर पियानोला तेवढ्यापुरतं गप्प बसवा. पाहुण्याला 'ळ' जमत नाही म्हणून घरच्यांनीही तो सोडून द्यावा, तसं झालं हे.

रानवारा: अहो, हिजाझ, नहावंद, कुर्द हेही मकामच ना? ते पियानोसोबत चालतात. ते निवडले तर बिघडलं कुठे?

टिपेचा सूर: हा वाद जुनाच आहे. १९३२ मध्ये कैरोला अरबी संगीताची परिषद भरली, बार्टोक आणि हिंडेमिथ हे युरोपीय संगीतकारही आले होते. तिथेही पियानोवरून जुंपली होती. पाव स्वरांचे पियानो बनवून आणले होते लोकांनी. आणि आपली पेटी? मींड नाही, श्रुती नाहीत म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती कित्येक वर्षं टिकली. पेटीमुळे ख्याल बुडाला का?

मंद्रषड्ज: पेटी गवयाच्या मागून जाते हो. इथे पियानो बरोबरीने बोलतो. 'ल पा द्यु शा न्वार' (२००२) घ्या: ऊद, पियानो, अ‍ॅकॉर्डियन. त्या रचना ब्राहेमने मुळात पियानोवर बसूनच केल्या. मग पाया कुणाचा?

टिपेचा सूर: पण जॅझ म्हणजे पियानोच असं थोडंच आहे? १९५८ चं 'जॅझ सहारा' ऐका. जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकच्या चौकडीत बास वाजवणारा अहमद अब्दुल-मलिक तिथे ऊदही वाजवतो. सोबत कानून (स्वरमंडळासारखं तंतुवाद्य), व्हायोलिन आणि जॉनी ग्रिफिनचा टेनर सॅक्सोफोन. पियानो औषधालाही नाही.

मंद्रषड्ज: मी तेच म्हणतोय! ब्राहेमच्याच 'मदार'ला (१९९४) माझी हरकत नाही. यान गार्बारेक ओठांच्या दाबाने सॅक्सोफोनचा स्वर हवा तसा वाकवतो, तबल्यावर उस्ताद शौकत हुसेन. तिथे मकामाला जागा आहे.

रानवारा: 'मदार' मलाही प्रिय आहे. तरी पियानो थांबतो आणि ऊद एकटा तकसीम (आलापासारखं उत्स्फूर्त वादन) सुरू करतो, तेव्हा ती थांबलेली जागाही संगीतच असते. तुम्ही तिला हार म्हणता, मी नाही म्हणणार.