गोव्याच्या आमदाराचं मत २० चंच का?

मांडवीकाठ:
राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत गोव्याच्या आमदाराच्या मताचं मूल्य २०, महाराष्ट्रात तेच १७५. १९७१ ची जनगणना अजून धरून बसल्यामुळे आपलं नुकसान होतं, असं वाचलं. २०११ चे आकडे घेतले तर किती होईल? आणि आमदार-खासदारांची मतंसुद्धा बाद होतात ती कशामुळे?

खाजन:
सूत्र अनुच्छेद ५५ मध्ये आहे. राज्याच्या लोकसंख्येला विधानसभेच्या निवडून द्यायच्या जागांनी भागायचं, आलेल्या आकड्याला १,००० ने भागायचं, बाकी ५०० किंवा जास्त उरली तर एक वाढवायचा. १९७१ ला गोवा ७,९५,१२०. भागिले ४०, म्हणजे १९,८७८. हजाराने भागल्यावर १९, बाकी ८७८, म्हणून २०.
बरेच जण इथे ८,५७,७७१ घेतात आणि २१ काढतात. तो आकडा तेव्हाच्या गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशाचा आहे.

शून्यप्रहर:
नुकसान कसलं, उलट फायदाच! २०११ ची लोकसंख्या १४,५८,५४५ धरली तर गोव्याचं मूल्य ३६ होतं. बरं वाटतं, पण त्याच हिशेबाने उत्तर प्रदेश २०८ वरून ४९६ वर जातो. आपण १.८ पट, ते जवळपास २.४ पट, म्हणजे एकूण मतांत आपला वाटा घटतो. लोकसंख्या आटोक्यात ठेवणाऱ्या राज्यांना फटका बसू नये म्हणून तर १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने १९७१ चे आकडे गोठवले. ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढवली.
गोव्याचं वजनच मोजायचं तर खासदारांकडे बघा. २०२२ मध्ये सगळ्या आमदारांच्या मतांची बेरीज ५,४३,२३१ होती. भागिले ७७६ खासदार, म्हणजे प्रत्येकी ७००. आपले लोकसभेचे दोन आणि राज्यसभेचा एक मिळून २,१००. पर्वरीच्या विधानसभेतले चाळीसजण मिळून ८००.

जांभळी शाई:
मत बाद होण्याची कारणं साधीच असतात. आकड्याऐवजी बरोबरची खूण केली, '१' दोन उमेदवारांपुढे लिहिला, एकाच नावापुढे १ आणि २ दोन्ही लिहिले, किंवा सही अथवा ओळख पटेल अशी खूण केली. पसंती आकड्यातच हवी. देवनागरी '१' चालतो, रोमनही चालतो. 'एक' असं अक्षरात लिहिलं की मत गेलं. दुसरी पसंती दिली नाही तरी बिघडत नाही, पहिली मात्र हवीच.
पेनही आयोगाचंच, जांभळ्या शाईचं. मतपत्रिकेसोबत हातात देतात, स्वतःचं आधीच काढून घेतात. खिशातल्या पेनाने केलेलं मत मोजणीत बाजूला पडतं. आमदाराची मतपत्रिका गुलाबी, खासदाराची हिरवी.

मांडवीकाठ:
हे नीट कळलं, आभारी आहे. एखाद्या मतदारसंघात पोटनिवडणूक बाकी असेल तर बाकीच्यांचं मूल्य वाढतं का? आणि व्हिप, म्हणजे अमुक यालाच मत द्या असा पक्षाचा आदेश, तो चालतो का?

खाजन:
नाही वाढत. भाजक ४० च राहतो; रिकाम्या जागेचे २० तेवढे कमी पडतात. व्हिप या निवडणुकीत काढताच येत नाही, मतदानही गुप्त. त्यामुळे पक्षाला बेरीज बघून अंदाज बांधता येतो, नाव धरता येत नाही. गोव्यात तरी तो अंदाज बांधायची हौस कमी नाही.