प्रतिजैविक घालूनही वीर्य का मंदावतं?

एक्स्टेंडरमध्ये (वीर्य पातळ करून टिकवण्याच्या द्रावणात) प्रतिजैविक असूनही वराहाचं वीर्य तिसऱ्या दिवशी मंदावतं, हा प्रश्न रास्त आहे. जिवाणू मेला म्हणून त्याचं विष जात नाही. ई. कोलाय, स्यूडोमोनास यांसारख्या ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाह्य आवरणातच हे विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, असतं. पेशी फुटली की ते आणखी मोकळं होतं. शुक्रजंतूवरच्या टीएलआर-४ या ग्राहीला (असे रेणू ओळखून पकडणाऱ्या प्रथिनाला) ते चिकटतं आणि हालचाल मंदावते. त्यामुळे कल्चर निगेटिव्ह आलं, म्हणजे प्रयोगशाळेत नमुन्यातून जिवाणू वाढले नाहीत, तरी निर्धास्त राहू नका.

नमुना ३७-३८ अंशांवर गरम करून स्लाइड पाहा. डोक्याला डोकं चिकटलेले पुंजके दिसले, तर ई. कोलायचा संशय आधी घ्यावा. पुंजके नसले म्हणून विष नाही, असं मात्र नाही.

खरा उपाय वीर्य गोळा करतानाच. शिश्नावरणाची पिशवी आधी दाबून रिकामी करा, भोवतीचे केस कापा, हातमोजा बदला, पहिला पाणीदार भाग टाकून द्या. डिस्टिल्ड वॉटरची टाकी आणि नळ्या तपासा; तिथला बुळबुळीत थर हा नेहमीचा गुन्हेगार. काचेची भांडी ऑटोक्लेव्ह केली (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केली) तरी १२१ अंशांना एंडोटॉक्सिन टिकतं. त्याला २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास लागते. प्रतिजैविकाचा डोस वाढवणं हा तर निव्वळ आळशीपणा.