मुखपृष्ठामागचे दुसरे मुखपृष्ठ

आजच्या प्रणयकादंबऱ्यांची सपाट रंगांची, व्यंगचित्रासारखी मुखपृष्ठे पाहून हलकीफुलकी गोष्ट अपेक्षित असते आणि आत उघड शृंगार निघाल्याने वाचकाची फसगत होते, ही तक्रार मला मान्य आहे. मात्र तिच्या जोडीला केले जाणारे ‘पूर्वीची मुखपृष्ठे प्रामाणिक होती’ हे विधान अर्धेच खरे आहे. १९७०च्या दशकापासून अमेरिकेतील ऐतिहासिक प्रणयकादंबऱ्यांवर वाऱ्यावर उडणारे केस आणि घट्ट मिठी असे चित्र रूढ झाले, आणि ते आतल्या मजकुराची कल्पना बऱ्यापैकी देत असे, हे खरे. परंतु असे पुस्तक बसमध्ये उघडून बसण्याचा संकोच वाटणाऱ्या वाचकांसाठी प्रकाशकांनी पुढे दुहेरी मुखपृष्ठाची युक्ती काढली: बाहेर केवळ फुले, दागिना किंवा सोनेरी उठावाची अक्षरे, आणि ते पान उलटले की आत आलिंगनाचे पूर्ण रंगीत चित्र. काही पुस्तकांच्या बाहेरच्या पानाला तर खिडकीसारखा छेद देऊन त्यातून नायिकेचा चेहरा तेवढा दिसू देत.

म्हणजे सोज्ज्वळ आवरणाखाली शृंगार ठेवण्याची पद्धत आजच्या चित्रांकित मुखपृष्ठांनी सुरू केलेली नव्हे. फरक एवढाच, की तेव्हा दुकानात उभ्या उभ्या एक पान उलटून खात्री करून घेता येत असे. आता पडद्यावर अंगठ्याएवढे चित्र पाहून पुस्तक मागवताना ते दुसरे पानच उरलेले नाही. माझ्या मते खरी अडचण चित्रशैलीपेक्षा इथे अधिक आहे.