पहिलं चित्र लगेच घ्यावं की आधी वर्षभर नुसतं बघावं?

दांडियाबाजारकर:
मंडळी, वाद घरातच पेटलाय म्हणून इथे टाकतोय. उन्हाळ्यात इथल्या बडोद्याच्या फाइन आर्ट्स कॉलेजचा अ‍ॅन्युअल डिस्प्ले, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कामांचं वार्षिक प्रदर्शन, बघायला गेलो होतो, तिथे ओळख झालेल्या एका विद्यार्थिनीकडून नंतर एक एचिंग (धातूच्या पत्र्यावरून कागदावर छापलेलं चित्र) घेतलं, पाण्याची टाकी आणि खाली बसलेल्या म्हशी, साडेचार हजार. आयुष्यातलं पहिलं. मेव्हणा म्हणतो पैसे घालवलेस, आधी वर्षभर फिर, डोळा तयार होऊ दे, मग घे. माझं म्हणणं उलटं आहे. फुकट बघताना सगळंच "वा वा" असतं हो. त्या दिवशी मला चाळीसेक कामं आवडली होती, पण खिशात हात घालायचा विचार आला आणि दहा मिनिटांत अडतीस आपोआप गळाली. उरलेली दोन का उरली ते मला अजून नीट सांगता येत नाही, पण आपली आवड म्हणतात ती तिथेच कुठेतरी असणार ना?

रेघोट्या:
मेव्हण्याला माझं मत. पैसे दिले की माणूस स्वतःच्या चुकीची वकिली करायला लागतो. मी पहिल्या दोन वर्षांत सात कॅनव्हास घेतले, सगळे पगडीवाले म्हातारे नाहीतर निळे दरवाजे, आणि प्रत्येक पाहुण्याला हौसेने समजावून सांगायचो. आता सातही माळ्यावर. अहो, बडोद्यात राहून घाई कसली? कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड राजघराण्याच्या स्मारकात, नंदलाल बोसांनी १९३९ ते १९४६ मध्ये भिंती रंगवल्यात. पहिल्यांदा गेलो तेव्हा गंगावतरण कुठलं, मीराबाई कुठली एवढंच ओळखत बसलो. चौथ्या खेपेला गोष्ट सुटली आणि एकच रेष कुठून निघून कुठे जाते ते बघत राहिलो, मान दुखेपर्यंत. मग तांबेकर वाड्यात गेलो, तिथली छोटी छोटी भित्तिचित्रं बघितली आणि घरी येऊन म्हाताऱ्यांकडे बघवेना. ही अक्कल विकत घेऊन आली नसती.

हिशेबनीस:
साडेचार हजाराचं उद्या कोणी चार देणार आहे का? एसआयपी टाका, म्हशी आयुष्यभर बघायला मिळतील, रस्त्यावर बसलेल्या असतातच.

दांडियाबाजारकर:
@हिशेबनीस एसआयपी भिंतीवर लावता येत नाही दादा.
@रेघोट्या पण ते सात घेतले नसतेत तर वाडा बघून लाज कशाची वाटली असती?

रेघोट्या:
हा मुद्दा बरा काढलात. पण सात कशाला, एकात भागलं असतं की.

शाईवाली:
मी स्वतः प्रिंट काढते त्यामुळे जरा तिखट बोलते. तुम्ही दोघं डोळ्याबद्दल भांडताय आणि हातात काय आहे ते कोणी विचारतच नाहीये. एचिंग म्हणजे झिंकच्या पत्र्यावर रेघ ओढून ती अ‍ॅसिडने खायला लावायची, शाई भरायची, पत्रा पुसायचा आणि ओल्या कागदासकट प्रेसखालून काढायचा. दाब इतका की पत्र्याची कड कागदात रुतते. चित्राच्या चौकटीबाहेर बोट फिरवून बघा, पायरी लागेल. खाली पेन्सिलीने ४/१५ असं काहीतरी असेल, म्हणजे पंधरा प्रती काढायच्या ठरल्या, त्यातली ही चार नंबरची. नाहीतर बाजारात कॅनव्हासचा फोटो छापून "लिमिटेड प्रिंट" म्हणून खपवणारे कमी नाहीत, भिंग लावलं की ठिपके दिसतात. कीर्तिमंदिराच्या भिंती कितीही बघा, हे त्याने कळणार नाही. घ्यायचंच तर स्टुडिओत जाऊन विचारा, रद्द झालेल्या प्रतीसुद्धा बघायला मागा. खराब प्रिंट बघितल्याशिवाय चांगली कशाने चांगली ते कळत नाही. आणि काचेची फ्रेम करताना कागद काचेला चिकटू देऊ नका हं, मध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) पाहिजेच, पावसाळ्यात बुरशी धरते.

रावपुऱ्याच्या माई:
आमच्याकडे आजेसासूबाईंच्या वेळची रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी होती, साडीवर खरी जर आणि टिकल्या शिवलेली. लहान सून म्हणून आले तेव्हापासून रोज उदबत्ती दाखवली, मला वाटायचं रविवर्मा म्हणजे माझा जीव की प्राण. मग एकदा राजवाड्याच्या आवारातल्या फतेहसिंह म्युझियममध्ये त्यांची मूळ तैलचित्रं पाहिली. कातडीचा रंग, कापडाची घडी, बघतच राहिले, आणि त्याच वेळी लक्षात आलं की मला इतकी वर्षं आवडत होत्या त्या टिकल्या! चित्राकडे मी बघितलंच नव्हतं. तेव्हा बाळा, अडतीस गळली म्हणतोस त्यातली किती तुझ्या आवडीने गळली आणि किती घरच्या सोफ्याच्या रंगाने, ते बघ एकदा. लक्ष्मी अजून आहे हो, काढायची नाही.

दांडियाबाजारकर:
माई, सोफ्याचं बोललात ते लागलं, कारण दुसरं लाल होतं आणि बायको लाल नको म्हणाली होती 😅
@शाईवाली ताई, पायरी लागली बोटाला. ६/१२ आहे. पण आधी हॉलमध्ये पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगलं होतं, चारनंतर थेट ऊन, म्हणून काल काढून फ्रिजजवळच्या बोळात लावलंय. रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा दिसलं की टाकी एका बाजूला किंचित कलती काढलीय आणि सगळ्या म्हशींची तोंडं नेमकी दुसऱ्या बाजूला आहेत. तीन महिने समोर होतं, कधी दिसलं नव्हतं. मेव्हण्याला अजून सांगितलेलं नाही.

रेघोट्या:
सांगू पण नका. रविवारी तांबेकर वाड्यात येताय का? मेव्हण्यालाही आणा.