जिवंत पेशींचा रामन स्पेक्ट्रम: काचेचा उंचवटा आणि फुगणाऱ्या पेशी

पेशीजाल (प्रश्न)

मंडळी, हेला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी पेशी) ओलेइक आम्ल (एक असंतृप्त मेदाम्ल) दिल्यावर आत साठणाऱ्या मेदाच्या थेंबांचे रामन स्पेक्ट्रम (लेझरचा प्रकाश रेणूंवरून विखुरताना बदलतो, त्या बदलाचे आलेख) पेशी जिवंत असताना घ्यायचे आहेत. मांडणी अशी: सरळ कन्फोकल मायक्रोस्कोप, पाण्यात बुडणारं ६० पटीचं ऑब्जेक्टिव्ह (एनए, म्हणजे प्रकाश गोळा करण्याची क्षमता, १.०), ५३२ आणि ७८५ नॅनोमीटरचे लेझर, साध्या काचेच्या कव्हरस्लिपवर वाढवलेल्या पेशी, वर नेहमीचं डीएमईएम (पेशी वाढवायचं पोषक माध्यम).

अडचणी दोन. ७८५ वर १४०० च्या आसपास (आकडे प्रति सेमी, म्हणजे प्रकाशात झालेला बदल) मोठा पसरट उंचवटा येतो आणि मेदाची १४४५ ची रेषा त्यात बुडते. ५३२ वर तो उंचवटा नाही, पण पार्श्वभूमी चढत जाते, आणि २० मिलिवॅट, ५ सेकंद दिलं की पेशीच्या कडेला फुगे धरतात. लेझर कोणता धरावा?

स्फटिक_भिंग

लेझर ठरवण्याआधी काच काढा, खरी गोम तिथेच आहे. तो उंचवटा काचेच्या रामन रेषेचा नाही. तसा असता तर ५३२ वरही त्याच आकड्यावर दिसला असता. ७८५ ने साधी काच स्वतः चकाकते (प्रकाश शोषून दुसऱ्या रंगात परत सोडते), आणि ती चकाकी नेमकी तुमच्या कामाच्या पट्ट्यात पडते. खात्री करायची तर पेशीशेजारच्या रिकाम्या काचेवर तेवढाच वेळ मोजा; उंचवटा जसाच्या तसा येईल.

कॅल्शियम फ्लोराइडची रामन दर्जाची चकती घ्या, २० मिमी व्यास, १ मिमी जाडी. तिची एकच ठळक रेषा, ३२२ वर, म्हणजे पेशीच्या कामाच्या पट्ट्याबाहेर. चकती ३५ मिमीच्या डिशच्या तळाशी ठेवून तिच्यावरच पेशी वाढवा. निर्जंतुक करायला ७० टक्के इथेनॉलमध्ये अर्धा तास, मग निर्जंतुक पीबीएसने (क्षारांचं द्रावण) तीनदा धुणं. ऑटोक्लेव्ह नको, तापमान झटकन बदललं की हा स्फटिक तडकतो. क्वार्ट्झ स्वस्त पडतो, चालतोही, पण त्याचा ८०० जवळचा रुंद पट्टा ७८५–७८८ च्या न्यूक्लिइक आम्लाच्या रेषेखाली येतो. तुम्हाला मेदच बघायचा आहे, त्यामुळे निभेल.

पैसे वाचवायला प्लास्टिकच्या डिशमध्ये थेट मोजण्याच्या फंदात पडू नका. डिशच्या प्लास्टिकची, म्हणजे पॉलिस्टायरीनची, १००१ ची रेषा आणि पेशीतल्या फेनिलअ‍ॅलॅनिनची (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) १००४ ची एकमेकींवर चढतात. ६२१, १०३१, १६०२ या सोबतच्या रेषाही दोघांच्या जवळजवळ सारख्याच, कारण मुळात बेन्झिनचं कडं तेच. प्लास्टिकच प्रथिन म्हणून मोजलं जातं आणि आकडे दिसायला अगदी सुरेख येतात.

मंदप्रकाश

५३२ वरची चढती पार्श्वभूमी बरीचशी माध्यमाची आहे. डीएमईएममधलं फिनॉल रेड (आम्लता दाखवणारा रंग) आणि रायबोफ्लेविन दोन्ही हिरव्या-निळ्या प्रकाशात चकाकतात. मोजणीआधी दोनदा धुऊन फिनॉल रेड नसलेलं एचबीएसएस (क्षारांचं द्रावण) घाला, कॅल्शियम-मॅग्नेशियमसकट, ग्लुकोज आणि २० मिलिमोलर हेपेस (आम्लता स्थिर ठेवणारं द्रव्य) असलेलं. कार्बन डायऑक्साइडची सोय नसेल तर बायकार्बोनेटवर विसंबलेलं माध्यम थोड्या वेळात अल्कधर्मी होतं. ३७ अंशांवर उघड्या डिशमधलं पाणीही उडतं आणि क्षार घट्ट होतात, म्हणून निदान ३ मिली भरा आणि तासाभरात डिश बदला.

आता फुगे. एनए १.० ला ठिपका साधारण ०.६५ मायक्रोमीटरचा. त्यात २० मिलिवॅट म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६० लाख वॅट. शिवाय हिरवा प्रकाश पेशीतली सायटोक्रोम आणि फ्लेविन ही रंगीत द्रव्यं थेट शोषतात. ५१४.५ नॅनोमीटरने पेशी बिघडतात आणि ६६० ने नाही, हे पपेल्स आणि सहकाऱ्यांनी १९९१ सालीच दाखवलं होतं. तेव्हा ५३२ वर १ ते ३ मिलिवॅटच्या वर जाऊ नका, ठिपक्यावर अर्धा ते एक सेकंद. ७८५ वर मात्र ५० मिलिवॅट, १० सेकंद पेशी सहज सोसतात. हे आकडे ऑब्जेक्टिव्हच्या पुढे पॉवरमीटर धरून मोजलेले हवेत. सॉफ्टवेअरमधले टक्के म्हणजे मिलिवॅट नव्हेत.

फुगे दिसेपर्यंत थांबू नका. एकाच जागी लागोपाठ २० स्पेक्ट्रम घ्या आणि पहिल्यातून विसावा वजा करा. ५३२ वर ७५० आणि १५८५ या सायटोक्रोमच्या रेषा आधी खचतात, पेशीचा आकार नंतर बदलतो. मेलेल्या पेशी ओळखायचं ट्रिपॅन ब्लू शेवटीच घाला, त्याचा रंगही चकाकतो.

पेशीजाल

चकती मागवतो. मग पुढचं: थेंबातलं असंतृप्त मेद मोजायला १६५५ आणि १४४५ च्या रेषांचं गुणोत्तर पुरेल का?

स्फटिक_भिंग

शुद्ध तेलात पुरतं, पेशीत जपून. १६५५ वर मेदाच्या दुहेरी बंधासोबत प्रथिनांचा अमाइड-१ हा पट्टा बसलेला आहे आणि पाण्याचा १६४० चा पट्टाही. थेंब एक मायक्रोमीटरचा आणि तुमच्या मायक्रोस्कोपची उभ्या दिशेतली पकड दोनेक मायक्रोमीटरची, म्हणजे प्रत्येक मोजणीत पेशीद्रव मिसळणारच. म्हणून पेशीशेजारी, त्याच उंचीवर, निव्वळ माध्यमाचा स्पेक्ट्रम घेऊन तो वजा करा. मग १००४ कडे बघा: ती रेषा उंच असेल तर १६५५ मध्ये प्रथिनाचा वाटा मोठा, तो ठिपका सोडून द्या. पडताळ्याला १२६५ (असंतृप्त मेद) आणि १३०० (एकूण मेद) चं गुणोत्तर घ्या आणि १७४५ चा एस्टरचा पट्टा बघा. तो नसेल तर ट्रायग्लिसराइडचा (साठवणीच्या मेदाचा) थेंब म्हणून त्याची नोंद करू नका.

पार्श्वभूमी काढताना तिला बसवलेल्या बहुपदीच्या वक्राचा घात वाढवत नेण्याचा मोह आवरा. पाचव्या घाताच्या पुढे ती १६५५ च्या पायथ्यात शिरते आणि गुणोत्तर हलतं.

मंदप्रकाश

एक भर. ३०१० (असंतृप्त मेद) आणि २८५० (एकूण मेद) या रेषाही कामाच्या आहेत, पण त्या ५३२ वर घ्या. ७८५ वर २८५० चा प्रकाश १०११ नॅनोमीटरला पडतो, तिथे सिलिकॉनचा सीसीडी (प्रकाश टिपणारा सेन्सर) जवळपास आंधळा. ५३२ वर तोच ६२७ नॅनोमीटरला येतो, वर मूळ विकिरणही चौथ्या घाताच्या नियमाने ४.७ पट. त्यामुळे १ मिलिवॅटलाही २८०० ते ३०५० चा पट्टा छान भरतो. ७८५ ला बोटठशाचा भाग (१८०० च्या खालच्या रेषा, ज्यांवरून रेणू ओळखतात), ५३२ ला हा पट्टा, अशी वाटणी करा, आणि दोन्हींसाठी वेगवेगळ्या पेशी घ्या.

आणि दिलेलं ओलेइक आम्ल कुठलं, पेशीचं स्वतःचं मेद कुठलं, हे वेगळं करायचं असेल तर गुणोत्तरांच्या मागे लागण्यापेक्षा ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजन असलेलं) ओलेइक आम्ल अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधून १०० मायक्रोमोलर द्या. कार्बन-ड्युटेरियमचे पट्टे २१०० ते २२०० मध्ये येतात आणि १८०० ते २८०० च्या पट्ट्यात पेशीचं स्वतःचं जवळजवळ काहीच नसतं. अल्ब्युमिनशिवाय देऊ नका, मोकळं आम्ल पेशींना साबणासारखं फोडतं. नुसतं अल्ब्युमिन दिलेली डिशही शेजारी ठेवा.

पेशीजाल

थेंब हलत राहिले तर? एका ठिपक्यावर १० सेकंद टिकत नाहीत.

स्फटिक_भिंग

२ सेकंदांच्या पाच मोजण्या करा, प्रत्येक वेगळी साठवा. १७४५ अचानक पडलेली मोजणी गाळा, बाकीच्यांची बेरीज घ्या. कॉस्मिक किरणांचे एक-दोन पिक्सेलचे काटेही यातच पकडले जातात, कारण ते लागोपाठच्या मोजणीत त्याच जागी पुन्हा येत नाहीत.