अल्टरनेटर फुकट फिरत नाही

गाडीत हायड्रोजन किट बसवलं की ॲव्हरेज वाढतं, असं काही जण म्हणतात. या किटमधले सेल बाटलीतल्या पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढतात आणि तो इंजिनात जातो. ‘अल्टरनेटर (इंजिनावर फिरून गाडीची वीज बनवणारं यंत्र) तसाही फिरतच असतो, मग त्याची वीज सेलला दिली तर काय बिघडलं?’ हा त्यांचा मुद्दा पटत नाही. करंट ओढला की अल्टरनेटर जड होतो. जुन्या सायकलचा डायनामो टायरला टेकवला की पायडल जसं जड व्हायचं, तसंच. आता हिशोब पाहा. सहा सेलची सिरीज (एकामागोमाग एक जोडलेले), २० अँपिअर, म्हणजे गाडीच्या व्होल्टेजवर साधारण २७५ वॅट. फॅरेडेच्या नियमाने (किती करंटने किती वायू सुटतो ते सांगणारा) त्यातून जास्तीत जास्त तासाला साडेचार ग्रॅम हायड्रोजन निघतो, म्हणजे तो जाळून १५० वॅटच्या आसपास परत मिळतात. पण ते २७५ वॅट बनवायला इंजिन दोन हजार वॅटचं पेट्रोल जाळतं! (अल्टरनेटर ५५ टक्के, इंजिन २५ टक्के कार्यक्षम धरून.)

तरीही कोणाला ॲव्हरेज वाढलेलं दिसलं, तर तो खोटंच बोलतोय असं नाही. बऱ्याच किटसोबत ऑक्सिजन सेन्सरचा (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) सिग्नल बदलणारं एक छोटं सर्किट येतं. ईसीयू (इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा कॉम्प्युटर) फसतो, पेट्रोल कमी सोडतो, मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. बचत झालीच तर ती त्याची, श्रेय मात्र बाटलीतल्या बुडबुड्यांना. शिवाय लीन मिश्रणात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) नायट्रोजन ऑक्साइड नीट थोपवू शकत नाही, म्हणजे पीयूसीचा कागद हातात असूनही धूर वाईटच.

आणि सेलमध्ये स्टेनलेसच्या प्लेटा वापरणाऱ्यांनी एक बघावं: बाटलीतलं पाणी पिवळसर-तपकिरी झालं तर त्यात प्लेटांमधून सुटलेलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असू शकतं, जे कर्करोगकारक आहे. ते मोरीत किंवा झाडांना ओतू नका.